ओझे आणि आस

नागपूरहून निघून सावनेर आणि केळवद मागे टाकल्यावर प्रवासी लोधीखेड्यास पोचतो, तेव्हा राज्याची सरहद्द ओलांडल्याचे त्याला पाट्यांवरून कळते, लोकांच्या बोलण्यावरून नव्हे. कारण 1956 साली राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर एका राज्यात आणि छिंदवाडा दुसऱ्या राज्यात गेला, तरी सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलखातली मराठी जिथल्या तिथेच राहिली. रस्ताही पूर्वीसारखाच दोन्ही बाजूंना जोडीत राहिला. पेंच-कन्हान खोऱ्यातला कोळसा, सौंसरच्या आसपासचे मँगनीज आणि बागांतली संत्री ही ज्या प्रदेशाची दौलत, त्या प्रदेशाला ट्रक आणि त्याखालचा रस्ता यांचे परस्परांशी काय नाते असते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

लोकव्यवहारात गाडीची ताकद चाकांवरून सांगतात. सहाचाकी, दहाचाकी, चौदाचाकी ही नावे धाब्यावरच्या पोरालाही पाठ असतात. कायदा मात्र आस मोजतो. बैलगाडीच्या दोन चाकांना जोडणारा जो आडवा आस, तोच ट्रकचा ॲक्सल. आणि गाडीत एकंदर किती टन माल भरला यापेक्षा एकेका आसाखाली रस्त्यावर किती भार पडतो, हाच प्रश्न रस्त्याच्या आयुष्याचा निर्णय करणारा असतो. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, ओटावा या गावाजवळ, मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवरून निरनिराळ्या वजनांचे ट्रक अखंड फिरवून जी परीक्षा घेण्यात आली, तिच्यातून असे निष्पन्न झाले की आसावरचा भार दुप्पट केला असता रस्त्याची झीज दुपटीने नव्हे, तर सुमारे सोळा पटींनी वाढते. आपल्याकडे रस्त्याची जाडी ठरवताना 8.16 टनांचा आस प्रमाण मानतात. त्या हिशेबाने 11.5 टनांचा आस प्रमाण आसाच्या जवळजवळ चौपट, आणि 15 टन लादलेला आस अकरा पटींहून अधिक झीज करतो.

या सत्याला अमेरिकेने आणि युरोपने दिलेली उत्तरे भिन्न आहेत. अमेरिकेच्या संघीय कायद्यात, 1974 च्या सुधारणेनंतर, एका आसावर सुमारे 9 टन, जोड आसावर सुमारे 15.4 टन आणि पूर्ण गाडीस सुमारे 36.3 टन अशी मर्यादा आहे. एवढ्यावर न थांबता तेथील कायदा पुलांचाही विचार करतो: आस जितके जवळ, तितका भार पुलाच्या एकाच भागावर एकवटतो, म्हणून पाच आसांच्या गाडीस पूर्ण वजन नेण्याची मुभा हवी असेल, तर पहिल्या आणि शेवटच्या आसांत सुमारे 51 फुटांचे अंतर ठेवावे लागते. ट्रेलरच्या लांबीचे नियम असले, तरी पुढच्या ट्रॅक्टरसह एकंदर लांबीवर संघीय बंधन नसल्यामुळे लांब नाकाची गाडी तेथे सुखाने नांदली.

युरोपात, 1996 च्या निर्देशाप्रमाणे, ट्रॅक्टर-ट्रेलरची एकंदर लांबी 16.5 मीटरांत बसवावी लागते. म्हणून चालकाची केबिन इंजिनावर चढली आणि दोन आसांच्या ट्रॅक्टरमागे तीन आसांचा ट्रेलर ही तेथील रूढ रचना झाली. देशादेशांमधील वाहतुकीस अशा पाच आसांच्या गाडीची सामान्य मर्यादा 40 टन, आणि इंजिनाची शक्ती घेणाऱ्या आसाची 11.5 टन. ट्रेलरच्या तीन आसांमधील अंतर 1.3 मीटरपर्यंत असेल तर 21 टन, आणि त्याहून थोडे अधिक, 1.4 मीटरपर्यंत, असेल तर 24 टन चालतात. काही अंगुळांच्या अंतराने तीन टनांचा हक्क मिळतो, एवढा बारकावा तेथील कायद्यात आहे.

आपल्या देशात 2018 च्या जुलैमधील अधिसूचनेने चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा 10.2 वरून 11.5 टन, जोड आसाची 19 वरून 21 टन, तिहेरी आसाची 24 वरून 27 टन आणि गाडीच्या एकंदर वजनाची 49 वरून 55 टन केली. म्हणजे एकेरी आसाच्या बाबतीत आपण युरोपच्या पंक्तीस बसलो, आणि जोड व तिहेरी आसांच्या बाबतीत त्यांच्याही पुढे गेलो. मालवाहतूक स्वस्त होण्यास या सवलतीचा उपयोग आहे, हे मान्य केलेच पाहिजे, परंतु 10.2 च्या जागी 11.5 टन आले की झीज दीडपटीहून अधिक होते, हेही तितकेच मान्य करून रस्ता त्या मानाने मजबूत बांधला पाहिजे, नाहीतर एका खिशातला नफा दुसऱ्या खिशातून, म्हणजे सरकारी खजिन्यातून, भरून द्यावा लागतो.

येथेच धरमकाट्याची अपूर्णता ध्यानात येते. सबंध ट्रक काट्यावर उभा करून मिळणारी पावती एकूण वजनाची असते; मागच्या भागात ढीग झालेला कोळसा एकाच आसाला चिरडीत असेल, तर ती पावती निर्दोष असूनही रस्ता भंगतो. मोटार वाहन कायदा जादा माल उतरवून घेण्याचा अधिकार देतो आणि 2019 च्या सुधारणेनंतर दंडही 20,000 रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनास 2,000 रुपये, असा जबर आहे. परंतु दंड वसूल करून गाडी तशीच पुढे सोडली, तर खजिन्याला पैसे मिळतात, रस्त्याला मात्र तोच घाव बसतो. म्हणून आसाआसाचे वजन मोजणारे काटे खाणींच्या आणि गोदामांच्या दाराशीच असावेत, आणि माल भरणाऱ्या हमालापासून मालकापर्यंत प्रत्येकाला तो कोठे किती ठेवावा हे ठाऊक असावे. बैलगाडीत पोती भरताना आपले शेतकरी ती पुढे-मागे सारून जुवावरचा भार बेताचा करून घेत, कारण चूक झाली तर बैलाच्या मानेवरून ती लगेच कळे. सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना लागणारा सिल्लेवानीचा घाट चढणाऱ्या ट्रकची चूक मात्र पुढच्या पावसाळ्यात खड्ड्यांच्या रूपाने उघडकीस येते, आणि तिची किंमत त्या ट्रकशी संबंध नसलेल्या प्रत्येक प्रवाशाला द्यावी लागते.