एका हाताचे घड्याळ : विसार देण्यापूर्वी काय विचारावे?

कापडाचे ठाण घेताना आपण वरची चमक पाहून सौदा करीत नाही. ठाण उलगडतो, मागची बाजू पाहतो, काठ चिमटीत धरून पाहतो. घड्याळ घेताना मात्र आपलेच व्यापारी बंधू तबकडी आणि नाव पाहून रक्कम मोजतात. कारखान्याच्या घड्याळात हे चालून जाते, कारण मागे कंपनी उभी असते. संग्रहासाठी स्वतंत्र कारागिराचे घड्याळ घ्यावयाचे असेल, तर मागे एक माणूस आणि त्याचे हातच असतात. म्हणून पारख वेगळी हवी.

स्वतंत्र कारागीर म्हणजे कोणत्याही मोठ्या कंपनीची नोकरी न करता, स्वतः आराखडा करून मोजकी घड्याळे घडविणारा. 1969 च्या डिसेंबरमध्ये जपानच्या सीको कंपनीने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडमधील चावीच्या घड्याळांचा धंदा ढासळला आणि हजारो कारागिरांची रोजी गेली. त्याच मंदीत, 1985 साली, स्वेंड अँडरसन व व्हिन्सेंट कालाब्रेझे यांनी स्वतंत्र कारागिरांची संस्था उभी केली. तिला ‘एएचसीआय’ म्हणतात. तिच्या सभासदांची यादी जाहीर असते. नवख्या गिऱ्हाइकाने शोध तेथून सुरू करावा.

आता मुख्य गोष्ट. इंग्लंडचे जॉर्ज डॅनियल्स (1926–2011) हे या हुन्नरातले मोठे उस्ताद. घड्याळाचा जवळजवळ प्रत्येक भाग ते आइल ऑफ मॅन बेटावरील आपल्या कारखान्यात स्वतः करीत. रॉजर स्मिथ या तरुणाने दीड वर्ष खपून एक खिशातले घड्याळ केले आणि त्यांना दाखविले. डॅनियल्स यांनी ते नापसंत केले. त्यात हाताची धडपड दिसते, सफाई नाही, असे त्यांचे मत पडले. स्मिथने पुन्हा सुरुवात केली आणि पाच वर्षांहून अधिक काळ दुसऱ्या घड्याळावर घालविला. ते पाहताना उस्तादांनी एकेका भागावर बोट ठेवून विचारले, हा कोणी केला? प्रत्येक वेळी उत्तर आले, मी केला. तेव्हा कुठे शागीर्द पसंत झाला.

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्नही हाच असावा : कोणता भाग कोणी केला? सर्व काही एकाच हाताचे असलेच पाहिजे असे नाही. केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग आणि ज्वेल बहुतेक कारागीर बाहेरून घेतात, त्यात कमीपणा नाही. काही जण तयार मशीन घेऊन त्यावर आपले काम चढवितात, तेही चालेल. पण किंमत त्या हिशेबाने हवी, आणि सांगताना लपवाछपवी नको.

दुसरे, भिंगातून मागची बाजू पाहावी. मशीनच्या पट्ट्यांच्या कडा तिरप्या घासून चमकविलेल्या असतात. दोन कडा आत वळून मिळतात तो कोपरा नीट पाहा. फिरत्या हत्याराने तो गोलसर राहतो. टोकदार कोपरा कानस धरणारा हातच काढू शकतो. पोलादी भागाची खरी झिलई एका कोनातून आरशासारखी लखलखते आणि जरा कलविले की शाईसारखी काळी दिसते. स्वित्झर्लंडच्या जू खोऱ्यातील फिलिप दुफूर यांचे नाव याच कामामुळे झाले. 2000 साली आलेल्या त्यांच्या ‘सिंप्लिसिटी’ या साध्या घड्याळाचे सुमारे 200 नगच निघाले.

तिसरे, दुरुस्ती. चावीच्या घड्याळाला काही वर्षांनी सफाई आणि तेल लागतेच. कारागीर म्हातारा झाला किंवा राहिला नाही, तर भाग कोण करून देणार? डॅनियल्स 2011 मध्ये गेले, पण स्मिथ त्याच बेटावर त्यांची पद्धत चालवीत आहेत. ज्याचा शागीर्द नाही, नकाशे कोणाकडे नाहीत, त्याचे घड्याळ कितीही सुंदर असले तरी ते उद्या केवळ कपाटात ठेवण्याची वस्तू होऊ शकते.

चौथे, पैसा. अशा घड्याळासाठी विसार आधी द्यावा लागतो आणि वाट वर्षानुवर्षे पाहावी लागते. माल देण्याची मुदत, उशीर झाल्यास काय, कारागिराचे काम थांबल्यास रक्कम कशी परत मिळेल, हे सारे लेखी घ्यावे. परदेशातून आणल्यास आयात शुल्क व कर हिशेबात धरावेत आणि पावती जपावी. लिलावातील मोठे आकडे ऐकून नफ्याच्या आशेने घेऊ नये. ते आकडे मोजक्याच नावांना मिळतात.

आपल्या वाचकांसाठी दोन गोष्टी अधिक. अनेक कारागीर फक्त सोन्याची किंवा प्लॅटिनमची केस करतात. आपल्याकडे पुरुषांना सोने वर्ज्य, म्हणून पोलादी केस मिळेल का हे आधीच विचारावे. आणि ‘30 मीटर’ असे लिहिले असले, तरी ते घड्याळ पाण्याचे चार शिंतोडे सोसते, एवढाच त्याचा अर्थ. वजूपूर्वी ते काढून ठेवावे.

चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट मशीन उघडून दाखवितो. जो टाळाटाळ करील, त्याच्याकडे विसार देऊ नये.