इकी

इकी : जपानमधील एदो काळात (१६०३–१८६८) नगरवासीयांमध्ये, विशेषतः सधन व्यापाऱ्यांच्या भोवती, विकसित झालेली एक सौंदर्यविषयक व आचारविषयक कल्पना. दिखाऊपणा टाळणारी ऐट, भावनेवरील ताबा, बोलण्यातील चटपटीतपणा आणि आसक्ती असूनही तिच्यात न गुंतण्याची वृत्ती, असे अनेक अर्थ या एका शब्दात सामावलेले आहेत. क्योटो-ओसाका भागात हीच कल्पना ‘सुई’ या नावाने प्रचलित होती. तथापि सुईमध्ये रसिकतेच्या परिपक्वतेवर, तर एदोच्या (आधुनिक टोकिओ) इकीमध्ये ताठ बाण्यावर अधिक भर आढळतो. याच्या उलट ‘याबो’ म्हणजे गावंढळपणा. मनाचा थंडपणा हा एक सद्‌गुण मानण्याची प्रवृत्ती इतर संस्कृतींतही दिसते. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा समाजातील ‘इतुतू’ (शीतलता) ही कल्पना तशीच आहे. प्रबोधनकाळात इटलीतील कास्तील्योने याने १५२८ मध्ये वर्णिलेला सहजतेचा आदर्श दरबारी सरदारासाठी होता. इकीचे वेगळेपण असे, की ती दुकानदार आणि अडत्यांच्या जगात वाढली.

सामाजिक पार्श्वभूमी : तोकुगावा शोगुनशाहीत मान्य असलेल्या चौपदरी समाजकल्पनेनुसार सामुराई, शेतकरी, कारागीर व व्यापारी असा दर्जाचा क्रम होता. व्यापारी स्वतः काही उत्पादन करीत नाही, या समजुतीमुळे त्याला शेवटचे स्थान मिळाले. प्रत्यक्षात मात्र सामुराईंचे वेतन तांदळात मिळे व त्याचे नाण्यांत रूपांतर व्यापाऱ्यांकरवीच होई. एदोतील आसाकुसा येथील सरकारी कोठारांजवळ हा व्यवहार करणाऱ्या अडत्यांना ‘फुदासाशी’ म्हणत. १७२४ मध्ये शोगुनशाहीने १०९ फुदासाशींच्या संघाला मान्यता दिली. पुढील वर्षांच्या तांदळाच्या तारणावर ते सामुराईंना कर्जे देत. त्यामुळे दर्जाने कनिष्ठ असलेला धनको आणि दर्जाने श्रेष्ठ असलेला ऋणको, अशी विसंगती निर्माण झाली.

ही संपत्ती सुरक्षित नव्हती. ओसाका येथील योदोया या बड्या पेढीची मालमत्ता दर्जाला न शोभणाऱ्या ऐषआरामाच्या आरोपावरून १७०५ मध्ये जप्त करण्यात आली. या पेढीचे अनेक दाइम्यो (सरंजामदार) कर्जदार होते. १७८९ मध्ये शोगुनच्या पदरच्या सामुराईंनी फुदासाशींकडून घेतलेली जुनी कर्जे रद्द करण्यात आली. त्यांची रक्कम दहा लाख र्यो (सुवर्णनाणे) पेक्षा अधिक होती. संपत्ती मिरविणे हा अशा परिस्थितीत केवळ अभिरुचीचा प्रश्न नव्हता, तर तो धोका होता.

वेशभूषा : १६८३ मध्ये स्त्रियांच्या वस्त्रांवरील सोनेरी जर, भरतकाम इत्यादींवर बंदी आली व पुढेही असे निर्बंध वारंवार लादले गेले. त्यांना नागरी व्यापाऱ्यांनी दिलेले उत्तर उघड अवज्ञेचे नव्हते. वरून साधे, गडद रंगाचे वस्त्र आणि आत उंची रेशमाचे चितारलेले अस्तर, अशी रीत रूढ झाली. तपकिरी व करड्या रंगांच्या छटा इतक्या वाढल्या, की ‘अठ्ठेचाळीस तपकिरी व शंभर करडे’ असा वाक्प्रचार पडला. दुरून एकरंगी दिसणारे, पण जवळून पाहता बारीक ठिपक्यांचे असलेले ‘कोमोन’ कापड मूळचे सामुराईंचे. ते नगरवासीयांनी आपलेसे केले. उभ्या पट्ट्यांचे कापड इकीचे विशेष द्योतक ठरले. पट्टे या अर्थाचा ‘शिमा’ हा शब्द दक्षिणेकडील बेटांवरून येणाऱ्या कापडामुळे रूढ झाला, असे मानले जाते. या आयात कापडांत भारतीय मालही होता : ‘सांतोमे’ हे नाव चोलमंडल किनाऱ्यावरील सेंट टॉमे या ठिकाणावरून, तर ‘चाउ’ या पातळ रेशमी कापडाचे नाव कोकणातील चौल बंदरावरून आल्याचे सांगतात.

या साऱ्यातून इकीचे मूळ सूत्र स्पष्ट होते. जी गोष्ट कायद्याने नाकारली, तिचा आपण स्वखुशीनेच त्याग केला आहे, असे दाखविणे, म्हणजेच लादलेल्या मर्यादेचे स्वतःच्या निवडीत रूपांतर करणे, हे ते सूत्र होय. मात्र केवळ निर्बंधांमुळे इकी निर्माण झाली, असे म्हणता येणार नाही. नाट्यगृहे, मुद्रित पुस्तके व उकियो-ए चित्रे यांमुळे अभिरुचीचा प्रसार झाला नसता, तर ती एका वर्गाची सवय म्हणूनच राहिली असती.

साहित्यातील व्यापारी : ईहारा साइकाकू (१६४२–९३) याच्या निप्पोन एइताइगुरा (१६८८) या कथासंग्रहात काटकसर, कल्पकता व हिशेबीपणा यांच्या बळावर श्रीमंत होणारे आणि चैनीपायी बुडणारे व्यापारी आढळतात. मित्सुई ताकातोशी (१६२२–९४) याने १६७३ मध्ये एदोत काढलेले कापडाचे दुकान रोख व्यवहार व एकच भाव या पद्धतीमुळे भरभराटले. इशिदा बाइगान (१६८५–१७४४) या विचारवंताने व्यापाऱ्याचा रास्त नफा हा सामुराईच्या वेतनासारखाच न्याय्य आहे, असे प्रतिपादन केले. हा व्यापारी पै-पैचा हिशेब ठेवणारा होता. इकीचा आदर्श नेमका याउलट : पैशाचा उल्लेखही न करणारा, कमाई रात्रभरही न राखणारा. काबुकी रंगभूमीवर १७१३ मध्ये प्रथम अवतरलेल्या सुकेरोकू या नायकाच्या ढबीचे अनुकरण काही फुदासाशी करीत. एकाच वर्गाला दिवसा हिशेबी व रात्री बेफिकीर असावे लागे. चिकामात्सू मोन्झाएमोन (१६५३–१७२५) याच्या सोनेझाकी शिन्जू (१७०३) या नाटकातील पेढीवरील कारकुनाचा आत्मनाश या ताणाचीच शोकांतिका आहे.

स्त्रिया व इकी : इकीचे मुख्य क्षेत्र एदोमधील योशिवारा ही परवानाप्राप्त वेश्यावस्ती व फुकागावा हा भाग होता. फुकागावातील गेशा पुरुषी ‘हाओरी’ अंगरखा घालीत व हिवाळ्यातही अनवाणी राहत. त्यांचा हा बाणा इकीचा नमुना समजला जाई. परंतु योशिवारातील बहुतेक स्त्रिया दरिद्री कुटुंबांनी लहानपणीच आगाऊ रक्कम घेऊन करारावर दिलेल्या मुली होत्या. ग्राहकाची अनासक्ती ही त्याची निवड असे. त्या स्त्रीची अनासक्ती हा बहुधा एकमेव बचाव असे. एकाच शब्दाने दोन्हींची प्रशंसा झाली, हे इकीचे मूल्यमापन करताना विसरता येत नाही. या करारांतून मुक्ततेचा सरकारी हुकूम १८७२ मध्ये निघाला. वेश्याव्यवसाय मात्र त्यानंतरही चालू राहिला.

उत्तरकाल : १७९१ मध्ये सान्तो क्योदेन या लेखकाला ५० दिवस हातकड्यांची शिक्षा झाली. इकीचे विस्तृत चित्रण करणारी शुन्शोकू उमेगोयोमी (१८३२-३३) ही कादंबरी लिहिणाऱ्या तामेनागा शुन्सुई यालाही १८४२ मध्ये तशीच शिक्षा झाली. इकीचे तात्त्विक विवेचन कुकी शूझो (१८८८–१९४१) याने इकी नो कोझो (१९३०) या ग्रंथात केले. युरोपात बेर्गसाँ व हायडेगर यांच्या सहवासात आलेल्या कुकीने इकीची तीन अंगे मानली : आकर्षण, ताठ बाणा व विरक्ती. कधीच न मिळणाऱ्या समांतर रेषांत, म्हणजे पट्ट्यांच्या कापडात, त्याला इकीचे सर्वांत शुद्ध रूप दिसले. त्याच्या विवेचनात मात्र इकी समस्त जपानी लोकांचे वैशिष्ट्य बनते व अडत्याचे दुकान, कर्जरोखे आणि जप्तीची भीती ही तिची जन्मभूमी मागे पडते. प्रतिष्ठा नाकारलेल्या, पण पैसा असलेल्या वर्गाने डौलाची एक नवी मोजपट्टी घडविली आणि कालांतराने ती राष्ट्राची म्हणून मिरविली गेली. इकीचे सांस्कृतिक महत्त्व या स्थित्यंतरात आहे.