सान मिगेल दे अयेंदे : जाण्यापूर्वी

मेक्सिकोच्या ग्वानाह्वातो राज्यातलं हे गाव सुमारे 1,900 मीटर उंचीवर आहे. दुपारी ऊन भाजून काढतं, रात्री स्वेटर लागतो. 1542 मध्ये एका फ्रान्सिस्कन धर्मगुरूने वसवलेल्या या वस्तीला पुढे स्वातंत्र्यलढ्यातला इथलाच सुपुत्र इग्नासियो अयेंदे याचं नाव जोडलं गेलं. 2008 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

मुख्य चौकातल्या चर्चचा गुलाबी, टोकदार दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, सेफेरिनो गुतिएरेस या स्थानिक गवंड्याने रचलेला. युरोपातल्या चर्चची चित्रं पाहून त्याने तो बेतला, असं सांगतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी माजी सैनिक सरकारी शिष्यवृत्तीवर इथे चित्रकला शिकायला आले आणि गावाची ओळखच बदलली. जुन्या मठातलं कलाकेंद्र चुकवू नका. सिकेरोस या नामवंत चित्रकाराने 1940 च्या दशकाअखेर इथे भित्तिचित्र सुरू केलं, पण संस्थाचालकाशी वाजलं आणि काम अर्धवट राहिलं. भिंतींवरून छतावर चढत जाणारे ते रंगाचे पट्टे आम्हाला तरी पुऱ्या झालेल्या कित्येक चित्रांपेक्षा सरस वाटतात. ‘ला अरोरा’ या बंद पडलेल्या कापड गिरणीत आता कलादालनं आहेत. किमती मात्र डॉलरवाल्यांच्या.

विमानाने लेओन किंवा केरेतारोला उतरा. मेक्सिको सिटीहून बसला साधारण चार तास. रस्ते दगडगोट्यांचे, तेव्हा उंच टाचा घरीच ठेवा.