कोड छापलाय म्हणजे माल ओरिजिनल, असं नसतं!

मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान टाकताय? मग होलसेलमधून चार्जर उचलण्याआधी हे वाचा.

पहिल्याच वर्षी मी ५० चार्जर आणले. बॉक्स चकाचक, होलोग्राम, कोड, सगळं होतं. एका गिऱ्हाईकाने काउंटरवरच कोड खरवडून तपासला. उत्तर आलं, ‘हा कोड आधीच वापरला आहे.’ दुसरा बॉक्स काढला, तर तोच कोड! पक्कं बिल नव्हतं, पैसे बुडाले. गिऱ्हाईक गेलं ते वेगळंच.

तेव्हा कळलं, बॉक्सवरचे दोन नंबर दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

१. आर-नंबर: चार्जर, पॉवर बँक यांना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. ‘R-’ आणि पुढे आठ आकडे असतात. हा नंबर ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाका. उत्पादकाचं नाव, ब्रँड आणि नोंदणी चालू आहे का, हे बॉक्सशी जुळवा. जुळलं नाही तर माल घेऊच नका. पण जुळलं तरी अर्धीच खात्री! कारण हा नंबर प्रत्येक नगाला वेगळा नसतो, नकली मालावरही तो छापता येतो.

२. स्क्रॅच कोड: सगळे ब्रँड देत नाहीत, पण असेल तर तो प्रत्येक नगाचा वेगळा असतो. एक लक्षात ठेवा, बॉक्सवरचा क्यूआर स्कॅन करून उघडलेल्या साइटवर विसंबू नका. नकली बॉक्स नकली साइटवरच नेणार. कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करा.

सगळे कोड खरवडू नका, नाहीतर गिऱ्हाईकाला ‘आधीच वापरला’ असं दिसेल. लॉटमधला एकच नग खरवडा आणि तो डेमोला ठेवा. बाकीच्यांचे सीरियल नंबर शेजारी ठेवून बघा. दोन सारखे निघाले की समजा, माल कॉपी आहे.

आणि पक्कं जीएसटी बिल घ्याच. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम १०४ नुसार नकली ब्रँडचा माल विकणाऱ्यालाही सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. ‘मी योग्य ती काळजी घेतली होती, माल अमुक व्यापाऱ्याकडून घेतला’ हे सिद्ध करायला हातात कागद लागतो.

तपासणी पाच मिनिटांची आहे. ती पैसे देण्याआधी करा, नंतर नाही!