रॅमची जोडी कशी जुळवावी?



आपल्या शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेचं नाव डिजिटल शाळा म्हणून राज्यभर झालं. आपल्याही शाळेत एक संगणक आहे. पण तो सुरू व्हायला फार वेळ लावतो. धडा लावला की मध्येच थांबतो. गुरुजी म्हणाले, त्याची रॅम कमी पडते. रॅम वाढवायची म्हणजे वर्गणी आली. आपल्याकडं वर्गणी भात विकल्यावरच जमते. ते पैसे वाया जाऊ नयेत म्हणून ही माहिती देत आहे.

रॅम म्हणजे संगणकाची पाटी आणि हार्ड डिस्क म्हणजे त्याची वही. संगणक जे काम आत्ता करतो ते पाटीवर करतो. जपून ठेवायचं ते वहीत लिहितो. लाईट गेली की पाटी पुसली जाते, वही तशीच राहते. पाटी लहान असली तर काय होईल? थोडं लिहायचं, वहीत उतरवायचं, पुसायचं, परत लिहायचं. त्यातच सगळा वेळ जातो.

रॅमची पट्टी सुमारे १३ सेंटीमीटर लांब असते. आतल्या मोठ्या पाटावर, म्हणजे मदरबोर्डवर, ती खाचेत बसवतात. आपल्या संगणकात दोन खाचा आहेत. एकीत २ जीबीची पट्टी आहे, दुसरी रिकामी आहे.

पालकसभेत एका काकांनी विचारलं, "भाच्याकडं जुन्या कम्प्युटरची रॅम पडून हाय, ती फुकट लावली तर नाय का चालणार?" प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर असं की चार गोष्टी बघाव्या लागतात.

१) जात. रॅमच्या जाती आहेत. डीडीआर २ चे नियम २००३ साली ठरले, डीडीआर ३ चे २००७ साली, डीडीआर ४ चे २०१२ साली आणि डीडीआर ५ चे २०२० साली. प्रत्येक जातीच्या पट्टीला मधे एक कापलेली खूण असते. ती खूण दर जातीत वेगळ्या जागी असते. म्हणून एका जातीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसतच नाही. विजेचा दाबही वेगळा लागतो. डीडीआर ३ ला १.५ व्होल्ट, डीडीआर ४ ला १.२ व्होल्ट. जोर करून बसवली तर खाच मोडेल. लॅपटॉपची पट्टी तर आखूडच असते, ती आपल्या मोठ्या संगणकाला चालत नाही.

२) वेग. शेजारच्या मुरबाड तालुक्यात म्हशाच्या जत्रेला बैलांचा मोठा बाजार भरतो. माझा आजा सांगतो, बैल घेताना जोडी बघून घ्यावी. एक चपळ आणि एक मंद असला तर नांगर मंद बैलाच्याच चालीनं चालतो. रॅमचंही तसंच आहे. प्रत्येक पट्टीवर एक बारीक चिप असते. तिच्यात त्या पट्टीचा वेग लिहिलेला असतो. संगणक सुरू होताना ते वाचतो आणि दोघींना झेपेल तो वेग धरतो. एक १३३३ ची आणि एक १६०० ची असली तर दोन्ही १३३३ नेच चालतात.

३) आकार. दोन पट्ट्या सारख्या असल्या की पुष्कळ संगणक दोन्हींशी एकाच वेळी बोलतात. जशा एका विहिरीवर दोन रहाट. एक २ जीबीची आणि दुसरी ४ जीबीची असेल तर बऱ्याच संगणकांत २ आणि २ यांची जोडी जमते आणि उरलेली २ एकटी चालते. पण चालते.

४) पाकीट. दुकानात दोन पट्ट्या एकाच पाकिटात मिळतात. त्या एकत्र चालतात हे कंपनीनं तपासलेलं असतं. दोन वेगळ्या पाकिटांतल्या पट्ट्या चालतीलच अशी खात्री नसते. नाव आणि आकडे सारखे असले तरी आतल्या चिपा वेगळ्या असू शकतात.

मग वेगळी पट्टी लावूच नये का? तसं नाही. पाटी फार लहान असेल तर बेजोड पण मोठी पाटी बरी. वेग थोडा कमी झाला तरी वहीत उतरवण्याचा खोळंबा वाचतो.

आपल्या संगणकात डीडीआर ३, १३३३ ची पट्टी आहे. म्हणून काकांच्या भाच्याची पट्टी आणली की आधी तिच्यावरचा कागद वाचावा. डीडीआर ३ असेल तर लावून बघावी. नसेल तर वर्गणीतून त्याच जातीची घ्यावी. मात्र दुकानदाराला आधी विचारावं, "नाय चालली तर बदलून द्याल ना?" आणखी एक. जुनं ३२ बिटचं विंडोज ४ जीबीच्या वरची रॅम वापरू शकत नाही. ते गुरुजींनी आधी पाहावं.

बसवताना वायर काढून ठेवावी. पेटीच्या लोखंडाला हात लावून मग पट्टी धरावी, म्हणजे अंगातली वीज तिला लागत नाही. दोन्ही टोकांना टक् आवाज येईपर्यंत दाबावी. मग दिवसभर चालवून बघावं. संगणक अडकला तर एकेक पट्टी लावून पाहावं, म्हणजे दोष कुणाचा ते कळतं.

फुकटची पट्टी असो की विकतची, आधी वाचावी, मग लावावी.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी