सदोष नायक कसा वाचावा?

कथेचा नायक अनुकरणीय असलाच पाहिजे, ही अपेक्षा जुनी आहे, पण वाङ्मयाचा तो नियम नव्हे. अ‍ॅरिस्टॉटलनेही शोकांतिकेचा नायक ना निर्दोष ना दुष्ट, असाच कल्पिला होता.

मराठीत याची कसोटी भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ने (१९६५) लावली. निवेदक पोक्या आणि नाक्यावरची त्याची टोळी मुलींविषयी जे बोलतात ते किळसवाणे आहे. आचार्य अत्र्यांनी पुस्तकावर अश्लीलतेचा आरोप करत झोड उठवली. पण पोक्या म्हणजे पाध्ये नव्हेत. लेखक मध्ये पडून पोक्याचे कान उपटत नाही; निवाडा वाचकावर सोपवतो, आणि हे सोपवणे धाडसाचे आहे.

दुसरे उदाहरण नाटकातले. मुंबईत चिंचपोकळी, लालबाग, परळच्या कापड गिरण्यांत १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. त्यात उद्ध्वस्त झालेले एक घर जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात भेटते. घरातल्या मुलांपैकी लेखक होऊ पाहणारा बाबा कमावत नाही, मोहन क्रिकेटच्या नादात, नरू गुंडगिरीत. नरूची हिंसा समर्थनीय नाही. तरी बंद गिरणी, रिकामे हात आणि एका खोलीत कोंडलेली माणसे पाहिल्यावर तो त्या वाटेला कसा लागला, हे कळते. असे कळणे म्हणजे माफी नव्हे. ‘हा चांगला की वाईट?’ यापेक्षा ‘याच्यापुढे कोणते पर्याय होते, त्याने कोणता निवडला आणि त्याची किंमत घरात कोणी मोजली?’ हे प्रश्न अशा वाचनात अधिक उपयोगी पडतात. ‘अधांतर’मध्ये ती किंमत बरीचशी आई मोजते.