मक्याचे पोहे आणि एलियाचा मान्ना

आपल्या शेतातला मका बहुतेक कोंबड्यांच्या खाद्याला, स्टार्चच्या कारखान्याला आणि अलीकडे इथेनॉलला जातो. थोडासा मका मात्र रंगीत खोक्यात बसून दुकानाच्या फळीवर येतो, आणि सकाळी भाकरी बाजूला सारून लेकरे त्या खोक्याकडे बोट दाखवतात. कॉर्नफ्लेक्स म्हणजे मक्याचे पोहेच. हे पोहे मुळात आजाऱ्यांच्या पथ्यासाठी निघाले, आणि एकदा तर पवित्र शास्त्रातील नावाने विकले गेले, हे पुष्कळांना ठाऊक नसेल.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात बॅटल क्रीक नावाचे गाव आहे. तेथे सेव्हंथ डे ॲडव्हेंटिस्ट पंथीयांनी काढलेले एक मोठे आरोग्यधाम होते. त्याचे मुख्य डॉ. जॉन हार्वे केलॉग. मांस, दारू, तंबाखू, चहा, कॉफी या सर्वांना तेथे मज्जाव. त्यांचे धाकटे भाऊ विल कीथ केलॉग कामकाज पाहत. १८९४ साली शिजवलेला गहू कामाच्या धांदलीत तसाच राहून शिळा झाला. टाकून देण्यापेक्षा पाहू तरी, म्हणून तो लोखंडी रुळांतून काढला, तर सलग पापुद्रा न निघता दाण्यादाण्याची वेगळी चकती पडली. भाजल्यावर ती कुरकुरीत झाली. पुढे काही वर्षांत हाच प्रयोग मक्यावर झाला. भात भिजवून, भाजून, कांडून पोहे करणाऱ्या आपल्या आयाबायांना यात फारसे नवल वाटणार नाही.

धाकट्याचे म्हणणे, थोडी साखर घालू म्हणजे निरोगी माणूसही आवडीने खाईल. थोरल्याला ते पटेना. अखेर १९०६ साली विल कीथ यांनी स्वतःची कंपनी काढली, आणि केलॉग हे नाव कोणी वापरायचे यावरून दोघे भाऊ कोर्टात गेले. बांधावरून भांडणारे भाऊ आपल्याकडेच असतात असे नव्हे!

त्या आरोग्यधामात १८९१ साली सी. डब्ल्यू. पोस्ट नावाचे एक गृहस्थ उपचारासाठी राहून गेले होते. तेथील खाणे पाहून त्यांनीही त्याच गावात कारखाना घातला. १९०४ च्या सुमारास त्यांनी मक्याचे पोहे बाजारात आणले आणि त्यांना नाव दिले ‘एलियाचा मान्ना’. खोक्यावर संदेष्टा एलिया आणि त्याला अन्न आणून देणारा कावळा. पाळकवर्ग खवळला. इंग्लंडमध्ये त्या नावाची नोंद करून घेण्यास नकार मिळाला. शेवटी १९०८ साली ‘पोस्ट टोस्टीज’ असे साधे नाव पडले. खरे पाहता खोक्यावर दोन कथांची खिचडी झाली होती. मान्ना मिळाला तो रानात मोशेबरोबर निघालेल्या इस्राएल लोकांना. एलियाला करीथ ओहोळाकाठी कावळे सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि मांस आणून देत. ते मांस मक्याच्या खोक्यात कोठून यायचे?

पवित्र शास्त्र हटले, तरी मुलांना भुलवायला चित्रे होतीच. १९०९ साली केलॉग कंपनीने पोह्यांबरोबर हलत्या चित्रांचे पुस्तक भेट दिले. १९५२ साली साखरेचा थर दिलेले पोहे आले व त्यांच्या खोक्यावर टोनी नावाचा वाघ बसला. पाठोपाठ १९५३ साली ‘शुगर स्मॅक्स’ निघाले, त्यात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर होती. १९७० साली रॉबर्ट चोट यांनी अमेरिकेच्या सिनेटसमोर साठ प्रकारच्या न्याहारीच्या धान्यांचा हिशेब मांडला आणि त्यांपैकी बहुतेकांत कस फारसा नाही असे सांगितले. मोठा गवगवा झाला. १९८० च्या दशकात ‘शुगर’ हा शब्द नावांतून गळाला. खोक्यातली साखर मात्र राहिलीच.

आता मक्याच्या दाण्याचे काय होते ते पाहा. प्रथम साल आणि अंकुर काढतात. अंकुरात तेल असते, ते राहिले तर माल खवट होतो. उरलेल्या टणक कण्या मीठ, साखर व माल्टसह वाफेवर शिजवून, वाळवून, पोलादी रुळांत चपट्या करून भाजतात. दाण्याचा कस सालीबरोबर व अंकुराबरोबर बराचसा गेलेला असतो, म्हणून जीवनसत्त्वे व लोह वरून मिसळावे लागते. खोक्यावर ती मोठ्या अक्षरांत छापतात. नाचणीत शंभर ग्रॅममागे तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, मक्यात त्याचा दहावा हिस्साही नाही. पण नाचणीला वाघ नाही.

केलॉग कंपनी भारतात १९९४ साली आली. सुरुवातीला खप बेताचाच झाला, कारण आपली माणसे दूध तापवून ओततात आणि पोह्यांचा लगदा होतो.

अलीकडची बातमी अशी. २०२३ च्या ऑक्टोबरात कंपनीचे दोन भाग झाले. अमेरिकेतील न्याहारीचा भाग २०२५ साली इटलीच्या फेरेरो कंपनीने घेतला. भारतातील व्यवसाय ज्या भागाकडे होता, तो त्याच वर्षाच्या अखेरीस मार्सकडे गेला. दोघेही चॉकलेटवाले! आजाऱ्याचे पथ्य फिरत फिरत मिठाईवाल्यांच्या हाती पोचले. २०२४ च्या ऑक्टोबरात बॅटल क्रीकच्या कचेरीपुढे लोक जमले होते. ‘फ्रूट लूप्स’च्या रंगीत कड्यांत अमेरिकेत कृत्रिम रंग घालतात आणि कॅनडात फळाभाज्यांचे, हा भेद का, असा त्यांचा सवाल होता. त्या कड्यांत जवळपास तिसरा हिस्सा साखर असते.

तेव्हा घरात खोका आणलाच असेल तर वाघाची बाजू फिरवून मागची बारीक अक्षरे वाचावीत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. साखर दुसऱ्या क्रमांकावर दिसली तर ती न्याहारी नव्हे, खाऊ समजावा व रविवारी द्यावा. मधुमेहाच्या माणसाने साध्या पोह्यांच्या बाबतीतही डॉक्टरांना विचारावे, कारण त्यांनी रक्तातील साखर झपाट्याने चढते. घरचा मका असेल तर कण्या भरडून ताकात शिजवाव्यात. मात्र पंधरा दिवसांना पुरेल इतक्याच भरडाव्यात. त्यांत अंकुर असतो, तेव्हा त्या फार दिवस टिकत नाहीत.